अडखळत बोलणाऱ्यांसाठी सुरुवातीच्या पायऱ्या

बोलताना अडखळणाऱ्या माणसाला लहानपणापासून सल्ल्यांची कमतरता कधीच पडत नाही. सावकाश बोल, आधी श्वास घे, घाबरू नकोस, वाक्य मनात जुळव आणि मगच तोंड उघड, असे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु या साऱ्या सल्ल्यांचा गाभा एकच असतो, तो म्हणजे काहीही कर पण अडखळू नकोस. नेमका हाच प्रयत्न अडखळणे वाढवतो. अडखळू नये म्हणून माणूस ओठ आवळतो, श्वास रोखतो, ऐनवेळी शब्द बदलतो, फोन दुसऱ्याच्या हातात देतो, आणि काही वर्षांनी मूळ अडखळण्यापेक्षा ते लपवण्याचेच श्रम जास्त होऊन बसतात. म्हणून या लेखातील पायऱ्यांचा क्रम काहींना उलटा वाटेल: आधी लपवणे कमी करायचे, मग अडकलेला शब्द सैल सोडवण्याचे तंत्र शिकायचे, आणि ते हाताशी घेऊन एकेका अवघड प्रसंगात उतरायचे. ज्यांनी याबाबत आजवर पद्धतशीर असे काहीच केलेले नाही, अशा प्रौढांसाठी आणि मोठ्या मुलांसाठी हे लेखन आहे.

सुरू करण्यापूर्वी

अडखळणे बहुधा वयाच्या दुसऱ्या ते पाचव्या वर्षांदरम्यान, मूल सुट्या शब्दांवरून वाक्यांकडे वळते त्या काळात सुरू होते. साधारणपणे १०० पैकी ५ मुले केव्हा ना केव्हा या टप्प्यातून जातात. त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे थांबते, आणि प्रौढांपैकी सुमारे १ टक्का लोकांच्या बोलण्यात ते कायम राहते. प्रौढांमध्ये पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या सुमारे चौपट असते. बोलण्याच्या हालचालींची आखणी करणारे आणि त्यांची वेळ साधणारे मेंदूतील मार्ग अडखळणाऱ्यांमध्ये काहीसे वेगळे असतात, असे मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. अनेक कुटुंबांत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत येते, आणि २०१० मध्ये संशोधकांनी त्याच्याशी संबंध असलेली ३ जनुकेही दाखवून दिली. आईवडिलांचा धाक, कोणाची तरी केलेली नक्कल किंवा मनाचा दुबळेपणा ही त्याची कारणे नव्हेत. जिभेतही दोष नसतो. तो जिभेत आहे अशा समजुतीने १८४१ मध्ये योहान डीफेनबाख या जर्मन शल्यचिकित्सकाने अडखळणाऱ्यांच्या जिभेच्या मुळाशी शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्या रुग्णांच्या वाट्याला वेदना आल्या, आणि ही पद्धत लवकरच सोडून द्यावी लागली.

भीतीने अडखळणे निर्माण होत नाही, पण भडकते मात्र निश्चित. म्हणूनच एकच माणूस घरात एकटा असताना सरळ बोलतो, गाणे न अडखळता म्हणतो, इतरांच्या सुरात सूर मिसळून वाचताना कुठेही थांबत नाही, आणि वरिष्ठांसमोर स्वतःचे नाव सांगताना मात्र त्याची ततपप होते. “तेव्हा जमतं, मग आताच का नाही?” हा प्रश्न अनेकांनी ऐकलेला असतो आणि तो मनाला फार लागतो. असा चढउतार हे अडखळण्याचे मूळ लक्षणच आहे. त्याचा अर्थ प्रयत्न कमी पडतात असा होत नाही.

एक अपवाद येथेच नोंदवून ठेवतो. पूर्वी कधीही न अडखळणारी प्रौढ व्यक्ती एकाएकी अडखळू लागली, तर या लेखातील पायऱ्या बाजूला ठेवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, कारण त्यामागे पक्षाघात, डोक्याला झालेली इजा किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो.

पहिली पायरी: स्वतःचे अडखळणे ओळखणे

वर्षानुवर्षे अडखळूनही नेमके काय होते, हे बहुतेकांना सांगता येत नाही, कारण त्या क्षणी माणूस मनाने तेथून पळालेला असतो. अडखळण्याचे तीन मुख्य प्रकार आहेत. ध्वनीची किंवा अक्षराची पुनरावृत्ती होते (“म-म-मला”), ध्वनी लांबतो (“स्स्ससकाळी”), किंवा तोंड शब्दाच्या तयारीत असूनही आवाज मुळीच फुटत नाही. हा तिसरा प्रकार, ज्याला शब्द अडकणे म्हणतात, बाहेरून सर्वांत कमी दिसतो आणि आतून सर्वांत जास्त छळतो. याच्या जोडीला शरीराने स्वतःहून उचललेल्या सवयी असतात: डोळे मिटणे, मान झटकणे, मुठी आवळणे, मांडीवर बोटांनी ठेका धरणे. यांतील बहुतेक सवयींनी कधीतरी एखादा शब्द सुटलेला असतो, म्हणून त्या राहिल्या. पुढे त्यांचा उपयोग संपला, तरी सवय मात्र सुटली नाही.

जोसेफ शीहान हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतः अडखळत बोलत. त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली: लोकांना ऐकू येतो तो पाण्यावरचा लहान भाग, आणि भीती, लाज, अपराधीपणा व टाळाटाळ हा पाण्याखालचा फार मोठा भाग. तुमची नोंदही या दोन्ही भागांची हवी. दोन-तीन आठवडे एक लहान वही जवळ ठेवा आणि दिवसातील एक-दोन प्रसंग तीत लिहा: कोणाशी बोलणे झाले, कोणता शब्द अडकला, त्या वेळी ताण कोठे होता (ओठांत, जिभेत, गळ्यात की छातीत), आणि काय टाळले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘मंगळवारी’ म्हणायचे होते, पण ‘म’ अडकेल म्हणून ‘सोमवारच्या दुसऱ्या दिवशी’ म्हटले. उत्तर येत होते, पण ‘माहीत नाही’ म्हणून टाकले. ‘म्हणजे’, ‘ते आपलं’, ‘काय म्हणतात ते’ अशा टेकूंवरून वाक्यात शिरले. हे सगळे प्रामाणिकपणे लिहा. मराठीत वाक्यातील शब्द मागेपुढे करणे सोपे असल्यामुळे, अवघड शब्द वाक्याच्या सुरुवातीला येऊ न देण्याचे कौशल्य काही जण इतके वाढवतात की, ते अडखळतात हे जवळच्या माणसांनाही कळत नाही. हे कौशल्य फार महागात पडते, कारण बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष सतत पुढच्या शब्दांवर पहारा देण्यात गुंतलेले असते आणि समोरच्याचे म्हणणे ऐकायचेच राहून जाते.

फोनवर बोलताना केवळ स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकणेही उपयोगी पडते. पहिल्यांदा ते नकोसे वाटेल. तरीही ऐका, कारण आपल्याला युगासारखी वाटलेली शांतता अनेकदा दोन-तीन सेकंदांचीच होती, हे तेथे स्पष्ट कळते.

दुसरी पायरी: सांगून टाकणे

वहीतून टाळाटाळीचा आवाका समजला की, एका विश्वासातल्या व्यक्तीशी या विषयावर मोकळेपणाने बोला. अनेक घरांत अडखळणे सर्वांना दिसत असते आणि त्याविषयी कोणीही चकार शब्द काढत नाही. त्या मौनातून हे काहीतरी लाजिरवाणे आहे, असेच मूल शिकते. मैत्रिणीला, भावाला, जोडीदाराला साध्या शब्दांत सांगा: “मी बोलताना अडखळते. तेव्हा माझा शब्द तू पूर्ण करू नकोस, मला वेळ दे, मी बोलेन.” पुढे हेच वाक्य सहकाऱ्यांसाठी आणि अनोळखी लोकांसाठी वापरता येते: “मी अडखळत बोलतो, त्यामुळे थोडा वेळ लागेल.” वाक्य येथेच संपवावे. त्याला ‘माफ करा’ जोडण्याचा मोह फार होतो. तो टाळा, कारण क्षमा मागितली की ऐकणाऱ्यालाही ते अपराधासारखे वाटू लागते. सूर माहिती देणाऱ्याचा असावा, विनवणीचा नसावा.

या एका वाक्याने पुढचे संभाषण सोपे होते, असा बहुतेकांचा अनुभव आहे. आता कळेल की मग कळेल, ही टांगती तलवार दूर होते आणि जी शक्ती लपवण्यात जात होती ती बोलण्यासाठी मोकळी होते. समोरचाही गोंधळातून सुटतो. कारण अचानक आलेल्या शांततेचा अर्थ त्याला लागत नसतो, आणि तुमच्या चेहऱ्यावरचा ताण पाहून नजर वळवावी की मदत करावी हे त्याला कळत नसते.

तिसरी पायरी: मुद्दाम अडखळणे

ही पायरी ऐकताच बहुतेक जण नकार देतात, आणि तो नकार समजण्यासारखा आहे. जे आयुष्यभर लपवले ते मुद्दाम का करायचे? कारण भीती ज्या गोष्टीची आहे, ती आपल्या इच्छेने, आपल्या हाताने आणि सौम्य रूपात पुन्हा पुन्हा केल्याखेरीज भीती ओसरत नाही. वाचोपचारात, म्हणजे स्पीच थेरपीत, ही पद्धत अनेक दशकांपासून वापरली जाते.

सुरुवात एकट्याने, आरशासमोर करा. जो शब्द तुम्हाला सहज येतो, असाच शब्द निवडा, आणि त्याचे पहिले अक्षर घाई न करता, ओठ व गळा सैल ठेवून दोन-तीनदा उच्चारा: “ला-ला-लाल”. डोळे मिटू नका, मान हलवू नका, आरशातील स्वतःच्या नजरेला नजर द्या. ते जमले की घरातल्या माणसासमोर करा, आणि मग एखाद्या अनोळखी व्यक्तीला रस्ता किंवा वेळ विचारताना करा. मुद्दाम केलेले अडखळणे मध्येच खऱ्या अडखळण्यात बदलले आणि हातातून निसटले, तर बिचकू नका; ते घडणारच. त्याच शब्दावर थोडे थांबून पुन्हा मवाळपणे अडखळा. या सरावात लोकांकडे नीट पाहा. बहुतेक जण उत्तर देतात आणि आपल्या कामाला लागतात. कोणी हसतेही, आणि ते बोचतेच. परंतु हसणाऱ्यासमोरही आपले वाक्य पूर्ण झाले, हा अनुभव कोणत्याही समजावणीपेक्षा अधिक काळ टिकतो. दिवसातून एक-दोन वेळा, काही आठवडे सलग हे करावे. माझ्या मते या लेखातील सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी पायरी हीच आहे, आणि तिला बगल देऊन केवळ तंत्रे शिकणाऱ्यांना ती तंत्रे बाहेरच्या जगात सहसा वापरता येत नाहीत.

चौथी पायरी: अडकलेला शब्द सैल सोडवणे

चार्ल्स व्हॅन रायपर हे अमेरिकी वाचोपचारतज्ज्ञही स्वतः अडखळत बोलणारे होते. अडखळणे थांबवण्याऐवजी ते सुलभ करण्याची त्यांनी मांडलेली रीत आजही शिकवली जाते. तिचे तीन भाग आहेत आणि ते शिकण्याचा क्रम बोलण्याच्या क्रमाच्या उलट आहे: आधी शब्द झाल्यानंतर काय करायचे, मग शब्द चालू असताना, आणि शेवटी शब्दाच्या आधी.

पहिल्या भागात, शब्द अडखळत का होईना, पूर्ण होऊ द्या आणि मग लगेच पुढे पळू नका. दोन-तीन सेकंद थांबा, ताण कोठे होता ते मनात आठवा, तो सैल करा आणि तोच शब्द पुन्हा, सावकाश व हलक्या स्पर्शाने उच्चारा. दुसऱ्यांदा शब्द न अडखळता यावा ही अपेक्षा नाही. तो कमी जोराने यावा, एवढेच पाहायचे. हे थांबणे सुरुवातीला असह्य होते, कारण अडखळून झाले की वाक्य कसेबसे गुंडाळून टाकण्याची घाई अंगवळणी पडलेली असते.

दुसरा भाग प्रत्यक्ष अडकलेल्या क्षणाचा आहे. ‘पाणी’ हा शब्द घ्या. ‘प’ साठी दोन्ही ओठ मिटतात, मागे हवेचा दाब तयार होतो, आणि ओठ उघडताच आवाज बाहेर पडतो. अडखळताना मात्र ओठ एकमेकांवर इतके दाबले जातात की, हवा कोंडते; माणूस ती जोराने ढकलतो आणि ओठ आणखी घट्ट होतात. येथे आणखी जोर लावू नका. त्याच स्थितीत क्षणभर राहा, दाब जाणवून घ्या, आणि ओठ हळूहळू इतके सैल करा की त्यांच्यातून थोडी हवा निसटू लागेल. हवा वाहू लागली की तिच्यावरच ‘पा’ हे अक्षर थोडे लांबवून सोडा. ‘उद्या’, ‘आई’ अशा स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांत हीच कोंडी गळ्यात, स्वरतंतूंपाशी होते. तेथे सुस्कारा टाकल्यासारखा हलका उच्छ्‌वास आधी सुरू करून त्यात आवाज मिसळावा. ‘क’ आणि ‘ट’ साठी जिभेचा टाळूवरचा दाब कमी करावा. हा सराव आधी एकट्याने, ओठ मुद्दाम घट्ट दाबून आणि मग सैल करून करता येतो.

तिसरा भाग, म्हणजे अडकणार याची चाहूल लागताच तोंडाची ठेवण आधीच सैल करून शब्दात शिरणे, पहिले दोन भाग अंगात मुरल्यावर आपोआप जमू लागतो. चाहूल लागल्यावर शब्द बदलण्याची जुनी वाट आणि सैलपणे त्याच शब्दात शिरण्याची नवी वाट, या दोन्ही त्या क्षणी समोर असतात. नवी वाट निवडणे हाच येथला सराव आहे.

श्वासाविषयीही सांगायला हवे, कारण ‘खोल श्वास घेऊन बोल’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो. बोलण्यापूर्वी छाती फुगेपर्यंत घेतलेला श्वास गळा आणि खांदे अधिक ताणतो, आणि तो रोखून धरला तर शब्द आणखी अडकतो. नेहमीचा श्वास पुरेसा असतो. उच्छ्‌वास सुरू होताच बोलायला लागावे आणि अर्थाला धरून थांबावे. “उद्याची बैठक / दुपारी आहे, / पण मला यायला / थोडा उशीर होईल” असे वाक्याचे तुकडे पाडले की प्रत्येक तुकड्यासाठी नवा श्वास मिळतो, आणि ऐकणाऱ्यालाही हे बोलणे अधिक स्पष्ट वाटते.

पाचवी पायरी: सोप्याकडून अवघडाकडे

आता वही पुन्हा उघडा आणि टाळलेले प्रसंग भीतीच्या चढत्या क्रमाने लावा. लहान मुलाशी बोलणे खाली असेल, सभेत प्रश्न विचारणे वर असेल. प्रत्येकाची उतरंड वेगळी असते. एका पायरीवर बोलताना काळीज धडधडणे कमी झाले की वरच्या पायरीवर जावे. प्रत्येक वेळी कसोटी एकच ठेवा: जे म्हणायचे होते, ते त्याच शब्दांत म्हटले का? किती वेळा अडखळलो, हे मोजू नका.

फोन बहुतेकांच्या यादीत फार वर असतो, कारण तेथे चेहरा दिसत नाही आणि शब्द अडकला की पलीकडचा “हॅलो, हॅलो” करू लागतो किंवा लाइन तुटली समजून फोन ठेवतो. यासाठी रोज एक-दोन फोन मुद्दाम करा, ज्यांत पणाला लागलेले काही नाही असे: कामकाजाची वेळ विचारणे, एखादी वस्तू आहे का ते विचारणे. पहिल्याच वाक्यात “मी अडखळत बोलतो, फोन चालू ठेवा” असे सांगितले की ते “हॅलो, हॅलो” बहुधा थांबते. फोन ठेवला गेलाच, तर तोच क्रमांक पुन्हा लावून तेच वाक्य पुन्हा म्हणावे.

स्वतःचे नाव हे अनेकांना सर्वांत अवघड वाटते, कारण त्याला पर्यायी शब्द नसतो आणि ते कोणी सहज विसरेल हेही संभवत नाही. एकामागून एक सर्वांनी आपला परिचय करून देण्याच्या प्रसंगी आपली पाळी जवळ येईपर्यंत भीती चढत जाते. तिला आळा घालण्याचा एक चांगला उपाय म्हणजे शक्य तेथे आपण होऊन पहिले बोलणे. दुसरा उपाय असा की, नावाच्या पहिल्या अक्षरावर मुद्दाम, सौम्यपणे अडखळावे.

मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत सुरुवातीलाच अडखळण्याची कल्पना द्यावी, आणि जास्त वेळेची गरज असल्यास ती आधीच कळवावी. भाषण करायचे असेल तर विषय पक्का करा, मुद्दे लिहून घ्या, पण भाषण शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेल्या भाषणात पुढचा अवघड शब्द चार वाक्ये आधीपासून दिसत असतो आणि भीती तेथपर्यंत वाढत राहते. तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचला की अडखळणे त्या बैठकीपुरते कमी होते, हेही जुने निरीक्षण आहे. परंतु तो परिणाम दुसऱ्या दिवशीच्या श्रोत्यांसमोर टिकेल यावर विसंबू नये.

आत्मविश्वास आधी येईल आणि मग बोलू, असे म्हणत पुष्कळ जण वर्षे घालवतात. प्रत्यक्षात क्रम वेगळा आहे: अडखळत का होईना, माणूस बोलतो, त्याचे काम होते, आणि मग पुढच्या वेळी तोंड उघडणे थोडे सोपे जाते.

मदत कोणाची घ्यावी

वरील पायऱ्या एकट्याने सुरू करता येतात, तरीही अडखळण्याचा अनुभव असलेला वाचोपचारतज्ज्ञ, ज्याला अनेक जण स्पीच थेरपिस्ट म्हणतात, मिळाला तर मार्ग बराच सुकर होतो. पहिल्याच भेटीत विचारावे की, अडखळणाऱ्या प्रौढांसोबत त्यांनी काम केले आहे का, भीती आणि टाळाटाळ यांवर काम करतात का, आणि खोलीबाहेर, फोनवर व रस्त्यावर सराव करून घेतात का. ठरावीक दिवसांत कायमचा इलाज करून देण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. अडखळण्यासाठी मान्यता मिळालेले कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. स्वतःचा आवाज क्षणभर उशिरा कानात ऐकवणाऱ्या उपकरणांचा काहींना उपयोग होतो, पण तो सर्वांना सारखा होत नाही. अडखळणाऱ्यांचे स्वमदत गट प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन भरतात. तेथे पहिल्यांदाच आपल्यासारखे बोलणारी दहा माणसे एकत्र ऐकणे हा मोठा दिलासा असतो. दर वर्षी २२ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय अडखळणे-जागरूकता दिनाच्या सुमारास, अशा गटांचे कार्यक्रम होतात, आणि नवख्या माणसाला सामील होण्यासाठी तो काळ सोयीचा असतो.

घरातल्यांसाठी थोडेच सांगायचे आहे: नजर वळवू नका, शब्द पुरवू नका, “सावकाश” म्हणू नका, आणि कसे बोलले यापेक्षा काय बोलले याला उत्तर द्या. लहान मूल अडखळू लागले असेल, तर त्याला सूचना देण्याऐवजी स्वतःच्या बोलण्याची गती कमी करा. ते काही महिने टिकले, घरात आणखी कोणी अडखळणारे असेल किंवा मूल बोलताना कष्टी होऊ लागले असेल, तर आपोआप थांबेल म्हणून वाट न पाहता तज्ज्ञाला दाखवा.

पुन्हा वाढले तर

सर्व काही नीट चालू असताना एखाद्या आठवड्यात अडखळणे पूर्वीइतकेच वाढते. झोप कमी झालेली असते, कामाचा ताण असतो, आणि अनेकदा काहीही कारण सापडत नाही. अशा वेळी बहुतेकांचे पहिले पाऊल पुन्हा लपवण्याकडे पडते: एक फोन टाळला जातो, एक शब्द बदलला जातो, आणि आठवडाभरात टाळाटाळीची जुनी घडी परत बसते. म्हणून त्या आठवड्यात तंत्राच्या मागे न लागता दोनच गोष्टी कराव्यात. वहीतला ‘काय टाळले’ हा रकाना पुन्हा रोज भरावा, आणि दिवसातल्या पहिल्याच संभाषणात, शक्यतो पहिल्याच वाक्यात, एका सोप्या शब्दावर मुद्दाम अडखळावे. पाचव्या पायरीवरील यादीत जेथपर्यंत पोहोचला होता, तेथून दोन पायऱ्या खाली उतरून त्या दिवशी तेवढाच प्रसंग घ्यावा, आणि तो जमला की दुसऱ्या दिवशी पुढचा.